मातीचे आणि माणसांचे जोतीराव

पुण्याहून पूर्वेकडे निघाले की सह्याद्रीची हिरवी छाया हळूहळू मागे पडत जाते. पश्चिमेकडून आलेले पावसाळी ढग बहुतेक डोंगरमाथ्यावरच रिते होतात आणि पलीकडच्या मुलखाच्या वाट्याला उरलेसुरले थेंब येतात. जेजुरी, सुपे, इंदापूर या बाजूची माळराने वर्षाचे आठ महिने करपलेली दिसतात, त्याचे कारण हेच. अशा मुलखात उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाची पहिली सर कोसळते, तेव्हा ओढ्यानाल्यांना एकाएकी पूर येतो आणि घटकाभरात ओसरूनही जातो. हे पाणी स्वच्छ नसते. ते तांबूस, गढूळ असते. मी मुख्याध्यापक असताना दरवर्षी मुलांना अशा ओढ्याकाठी नेत असे. ते पाणी काचेच्या बाटलीत भरून आणायचे आणि शाळेच्या खिडकीत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी वर नितळ पाणी दिसे आणि तळाशी बोटभर गाळाचा थर. तो गाळ म्हणजे कोणाच्या तरी शेतातील सर्वांत कसदार माती.

या वाहून जाणाऱ्या मातीकडे आणि पाण्याकडे पाहून एका थोर पुरुषाचे अंतःकरण कळवळले होते. माती का वाहते, पाणी का मुरत नाही, आणि या दोहोंचा गरिबाच्या दारिद्र्याशी काय संबंध आहे, याचा त्याने मूळापासून विचार केला आणि तो १८८३ साली ग्रंथरूपाने मांडला. महात्मा जोतीराव फुले हे नाव तुम्हांस अपरिचित नाही. मुलींसाठी शाळा काढणारे, अस्पृश्यतेविरुद्ध उभे ठाकणारे जोतीराव आपण सर्वच जाणतो. शेतकऱ्यांचे, रानाचे आणि पाण्याचे जोतीराव मात्र तितकेसे कोणी सांगत नाही. या पाठात त्यांचीच ओळख करून घ्यावयाची आहे.

जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुण या गावचे आणि आडनाव गोऱ्हे. पुढे हे कुटुंब पुरंदर भागात खानवडीस आणि तेथून पुण्यास आले. पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून त्यांना फुले हे नाव पडले. जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. आई चिमणाबाई त्यांच्या तान्हेपणीच निवर्तल्या. सगुणाबाई नावाच्या नात्यातील एका प्रेमळ स्त्रीने त्यांचा सांभाळ केला. मुलगा शाळेत जाऊ लागला, परंतु माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे, असे लोकांनी मनात भरविल्यामुळे वडील गोविंदराव यांनी त्याला शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघा सज्जनांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ साली जोतीरावांचे शिक्षण पुन्हा सुरू झाले. शाळा सुटली ही मोठी हानी खरी. पण त्या काळात हातात धरलेले खुरपे आणि मोटेचे पाणी त्यांच्या आयुष्यभर कामी आले, असे मला वाटते. शेतीविषयी त्यांनी जे लिहिले, ते ऐकीव नव्हते.

१८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई तेथे शिक्षिका झाल्या. त्या कार्याची कथा मोठी आहे आणि ती आपण अन्यत्र वाचतो. येथे एकच प्रसंग सांगतो, कारण तो पाण्याचा आहे. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू देत नसत. भर उन्हाळ्यात रिकामी घागर घेऊन कोणीतरी ओंजळभर पाणी ओतील म्हणून त्यांना तिष्ठत बसावे लागे. विहीर भरलेली, तरी घागर रिकामी! १८६८ साली जोतीरावांनी आपल्या राहत्या घरचा हौद या लोकांसाठी खुला केला. समाजातून फार मोठा गहजब झाला. जोतीराव ढळले नाहीत. पाणी किती आहे एवढेच पाहून भागत नाही, ते कोणाला मिळते आणि कोणाला नाकारले जाते हेही पाहावे लागते, ही जाणीव त्यांना तेव्हाच झालेली होती.

उदरनिर्वाहासाठी जोतीराव सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत असत. कात्रजच्या बोगद्याच्या कामातही त्यांचा भाग होता. अशा कामांवर खडी फोडणारे, माती वाहणारे मजूर कोठून येत? ते बहुधा खेड्यांतूनच येत. एके काळी स्वतःच्या शेतावर नांगर धरणारी माणसे डोक्यावर पाटी घेऊन उन्हात उभी असलेली ते पाहत. शेत असताना माणूस शेत सोडून का येतो, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करू लागला.

त्या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी त्या काळची स्थिती थोडी ध्यानात घेतली पाहिजे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि तेथून इंग्लंडला जाणारा कापूस बंद पडला. त्यामुळे आपल्याकडील कापसाचे भाव चढले. शेतकऱ्यांच्या हाती चार पैसे आले, सावकारांनीही सढळ हाताने कर्जे दिली. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. कर्ज मात्र तसेच राहिले. त्यातच सरकारने शेतसाऱ्याची नवी आकारणी सुरू करून तो वाढविला. सारा रोख भरावा लागे, मग पाऊस पडो वा न पडो. सारा भरण्यासाठी सावकार, सावकाराच्या व्याजासाठी दुसरा सावकार, आणि अखेर जमिनीवर जप्ती! लिहिता-वाचता न येणारा शेतकरी कागदावर अंगठा उठवी. त्या कागदात काय आहे हे त्याला कोर्टात गेल्यावर कळे. १८७५ च्या मे महिन्यात सुपे गावच्या बाजारात हा असंतोष भडकला. चिडलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे आणि वह्या हिसकावून जाळून टाकल्या, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७६ साली, पावसाने पाठ फिरविली.

दख्खनचा तो दुष्काळ दोन वर्षे राहिला. त्यात हिंदुस्थानभर पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे. आज शास्त्रज्ञ सांगतात की त्या सुमारास केवळ आपल्याच देशात नव्हे, तर चीन आणि ब्राझील येथेही भयंकर अवर्षण पडले होते, आणि त्याचा संबंध प्रशांत महासागराच्या पाण्याच्या तापमानातील मोठ्या फेरबदलांशी होता. हजारो कोसांवरच्या समुद्राचे पाणी तापावे किंवा निवावे आणि इंदापूरच्या शेतकऱ्याच्या बाजरीने मान टाकावी, ही सृष्टीची रचना मोठी विलक्षण आहे. परंतु आकाशातून पाऊस न पडणे ही एक गोष्ट आणि माणसाने अन्नावाचून मरणे ही दुसरी. देशात धान्य अगदीच नव्हते असे नाही. त्याच काळात आगगाड्या भरभरून धान्य बंदरांकडे जात होते आणि तेथून जहाजांनी विलायतेस रवाना होत होते. ज्याच्याजवळ पैसा होता त्याला अन्न मिळत होते. ज्याची जमीन, बैल आणि भांडी आधीच सावकाराकडे गेली होती, तो रस्त्यावर आला.

सरकारने दुष्काळी कामे काढली, पण सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याच्या सल्ल्याने मजुरी इतकी तुटपुंजी ठेवली की दिवसभर दगड फोडणाऱ्या गड्याच्या वाट्याला रत्तलभर धान्य आणि एखादा आणा एवढेच येई. रत्तल म्हणजे अर्ध्या किलोहून थोडे कमी. तेवढ्यावर कष्टाचे शरीर कसे तगणार?

जोतीरावांनी १८७३ साली स्थापन केलेला सत्यशोधक समाज आता मदतीस धावला. आईबापांनी नाइलाजाने सोडून दिलेल्या, अन्नासाठी वणवण फिरणाऱ्या मुलांसाठी पुण्याजवळ धनकवडी येथे अन्नछत्र उघडण्यात आले. निधीसाठी जोतीरावांनी लोकांना आवाहन केले. सावित्रीबाई जुन्नर-ओतूर भागात जाऊन राहिल्या आणि तेथील मदतीच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. माणसे गावे सोडून चालली होती, गुरे चाऱ्यावाचून तडफडून मरत होती. पतिपत्नींनी हे सारे जवळून पाहिले.

दुष्काळ संपला. अनेकांच्या दृष्टीने तो विषयही संपला. जोतीरावांचा विचार मात्र येथूनच सुरू झाला, आणि त्यातून त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ च्या जुलै महिन्यात पूर्ण झाला. त्यातील भाग ते ओतूर, जुन्नर, हडपसर अशा ठिकाणी शेतकऱ्यांपुढे वाचून दाखवीत. बडोद्याचे तरुण महाराज सयाजीराव गायकवाड यांनीही तो त्यांच्याकडून ऐकला. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनाच प्रथम वाचून दाखविणारे ग्रंथकार विरळाच.

या ग्रंथात जोतीरावांनी एक गोष्ट फार बारकाईने दाखवून दिली आहे. पूर्वी ज्याच्याजवळ अगदी थोडी जमीन असे, असा शेतकरीसुद्धा उपाशी मरत नसे, कारण गावाभोवतीचे रान त्याला आधार देई. उंबर, जांभळे अशी फळे पोटाला मिळत. पळसाची पाने आणि मोहाची फुले विकता येत. थोडा लाकूडफाटा बाजारात नेला की मीठमिरचीपुरते पैसे सुटत. गावच्या गायरानाच्या भरवशावर घरात एक-दोन गाई आणि दोन-चार शेळ्या पाळता येत. इंग्रज सरकारने जंगलखाते काढले, १८७८ साली जंगलाचा कडक कायदा केला आणि डोंगर, दऱ्या, गायराने त्याच्या हद्दीत घातली. शेळी रानात शिरली तर दंड, काटकी मोडली तर दंड. दुष्काळाच्या दिवशी जे रान गरिबाला जगवीत असे, त्याचेच दार लागले. मग बैलाला चारा नाही, बैल नाही तर खत नाही, खत नाही तर शेत पिकत नाही. अशी ही साखळी त्यांनी उलगडून दाखविली. तिच्यातच आणखी एक कडी होती. पूर्वी शेतकरी आपली शेते पाळीपाळीने पडीक ठेवून त्यांना विसावा देत. पुढे जमीन अपुरी पडू लागली, साऱ्याचा बोजा वाढला, आणि तीच ती जमीन दरवर्षी पेरणे भाग पडले. थकलेल्या बैलासारखी जमीनही थकली.

यावरून कोणास वाटेल की जोतीराव रानतोडीच्या बाजूचे होते. तसे नाही, आणि येथेच त्यांच्या बुद्धीचा खरा मोठेपणा दिसतो. त्यांनी सरकारकडे मागणी केली की गावांची गायराने गावांना परत द्यावीत, गरिबांना सरपण आणि शेतासाठी राब तोडू द्यावा. परंतु इमारती लाकूड विक्रीसाठी तोडण्यास कायद्याने सक्त मनाई करावी. चुलीपुरत्या काटक्या वेगळ्या आणि व्यापारासाठी पाडलेले वृक्ष वेगळे, हा भेद त्यांनी केला. रान राखावे, पण राखण्याचा सारा भार सर्वांत दुबळ्याच्या पाठीवर टाकू नये. सरकारी जंगलखात्याला हे सुचले नव्हते. खरे सांगायचे तर, पुढेही पुष्कळांना ते सुचले नाही.

आता त्या गढूळ ओढ्याकडे वळू. डोंगरावरचे गवत, झाडांचा पाला, मेलेले किडेमुंग्या, जनावरांची विष्ठा हे सारे कुजून उत्तम खत होते आणि वळवाच्या पावसाबरोबर ते खाली वाहते. ते शेतात थांबले तर सोने, नदीत गेले तर माती! म्हणून जोतीरावांनी सुचविले की डोंगरउतारांवर जागोजाग ताली आणि बंधारे असे घालावेत, की पाणी शेतांतून मुरत मुरत जाऊन मग नदीनाल्यांस मिळावे. हे काम करायचे कोणी? सरकारजवळ लष्करात आणि पोलिसांत पुष्कळ शिपाई रिकामे बसून असतात, त्यांच्याकडून करवून घ्यावे, असे त्यांनी निर्भीडपणे लिहिले. ओढ्यांत आणि तलावांत साचलेला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा, जमिनीतील झरे ओळखणाऱ्या पाणाड्यांना उत्तेजन द्यावे, तलाव-तळी बांधावीत, अशाही त्यांच्या सूचना होत्या.

कालव्यांविषयी त्यांचे म्हणणे असेच सडेतोड होते. सरकार पाणीपट्टी वेळेवर घेते, पण पाणी वेळेवर आणि पुरेसे मिळेल याची हमी घेत नाही. तेव्हा प्रत्येक शेतकऱ्याच्या शेतापर्यंत तोटी बसवून जरुरीइतके पाणी मोजून द्यावे, ही त्यांची मागणी. मोजून दिले म्हणजे पाण्याची नासाडी टळते, आणि कालव्याच्या तोंडाशी बसलेला सबळ शेतकरी शेपटाकडच्या दुबळ्याचे पाणी पळवू शकत नाही. खडकवासल्याच्या धरणाचा कालवा पुण्याच्या पूर्वेकडे वाहू लागला, तेव्हा जोतीरावांनी स्वतः मांजरी येथे जमीन घेऊन त्या पाण्यावर बागायत करून दाखविली.

त्या काळच्या सरकारने या सूचनांकडे फारसे लक्ष दिले नाही. डोंगरउतारांवर बांध घालण्याचा कायदा मुंबई प्रांतात झाला तो १९४२ साली. १९७२ च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी माणसे बांध, नाले आणि पाझर तलाव यांच्या कामांवर मजुरी करून जगली, आणि त्यानंतर आपल्या राज्याने मागेल त्याला काम देण्याची हमी कायद्यानेच दिली. जोतीरावांनी कल्पिलेले शिपाई बांधावर आले नाहीत. तेथे दुष्काळग्रस्त शेतकरीच आपल्या हातांनी माती अडविण्यासाठी उभा राहिला, आणि त्या मातीचे दाम त्याला मिळाले.

येथे एक खुलासा करणे मला अवश्य वाटते. जोतीरावांच्या ग्रंथात पृथ्वीचे वातावरण तापत असल्याचा उल्लेख नाही, आणि तो शोधूही नये. कोळसा आणि तेल जाळून माणूस हवेत जो धूर सोडतो, त्यामुळे ऋतुमान बदलत आहे, पावसाचे गणित बिघडत आहे, हे ज्ञान जगात पुढे सर्वमान्य झाले. आता देशोदेशीची माणसे एकत्र बसून त्यावर उपाय योजतात, तेव्हा त्यांच्यापुढे हेच प्रश्न पुन्हा उभे राहतात. ज्याने धूर फारसा सोडला नाही, त्याच्याच शेतावर अवर्षण आणि महापूर आधी का कोसळावेत? उपायांचा खर्च कोणी सोसावा? झाडे राखण्यासाठी रानातल्या माणसाला हुसकावून द्यावे काय? उंबर आणि पळसाच्या रानाविषयी बोलताना जोतीराव याच वाटेने चालले होते.

आता त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगतो. २ मार्च १८८८ हा दिवस. इंग्लंडच्या राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यास आले होते, आणि हरी रावजी चिपळूणकर या जोतीरावांच्या मित्रांनी त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी ठरविली होती. निमंत्रित सरदार, श्रीमंत आणि अधिकारी भरजरी पोशाख करून, हिऱ्यामोत्यांचे अलंकार लेवून आले. इतक्यात दाराशी एक शेतकरी दिसला. डोक्याला साधे पागोटे, खांद्यावर घोंगडी, गुडघ्यापर्यंत पंचा आणि पायांत फाटका जोडा. पहारेकऱ्यांनी त्याला अडविले. गलबला ऐकून यजमान धावत आले आणि त्यांनी ओळखले, की हे तर आपले जोतीराव! त्यांनी सन्मानाने त्यांना आत नेले. पुढे जोतीराव बोलावयास उभे राहिले तेव्हा त्यांनी राजपुत्राला सांगितले की येथे जमलेल्या मंडळींच्या दागिन्यांवरून त्यांनी या देशाची परीक्षा करू नये. देश पाहावयाचा असेल तर खेड्यात जावे, शेतकऱ्याची चूल पाहावी, त्याच्या मुलांना शाळा नाही हे पाहावे, आणि मग ते सारे राणीच्या कानी घालावे. त्या दिवाणखान्यात क्षणभर काय शांतता पसरली असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी येथे मोठी सभा भरून लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. पण दोनच महिन्यांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. उजवा हात चालेना, म्हणून त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे आपले शेवटचे पुस्तक त्या हाताने पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले. अंत्ययात्रेत सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि त्यांनी टिटवे हाती धरले. स्त्रीने असे करणे त्या काळी कोणी ऐकलेही नव्हते.

सहा वर्षांनी, १८९६ साली, दख्खनेत पुन्हा पाऊस पडला नाही. पुन्हा शेते ओस पडली, पुन्हा गुरे मेली, आणि पाठोपाठ प्लेगची साथ आली. जोतीराव आता नव्हते. सावित्रीबाई पासष्टीच्या होत्या. त्यांचे डॉक्टर असलेले पुत्र यशवंतराव यांच्याबरोबर त्या प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत राहिल्या, आणि तोच रोग जडून १० मार्च १८९७ रोजी त्यांनी पुण्यात देह ठेवला.